बाटलीतला लाल तांदूळ आणि रात्रीची गोळी

वाचकांचे पत्र:

"माझ्या यजमानांचे वय ६३. दीड वर्षापूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली आणि एक स्टेंट बसवला. तेव्हापासून रात्री अ‍ॅटोरव्हास्टॅटिन ४० आणि सकाळी रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या चालू आहेत. दिवाळीत मुलगी न्यू जर्सीहून आली, तिने 'रेड यीस्ट राइस', फिश ऑइल आणि कोएन्झाइम क्यू-टेन अशा तीन बाटल्या आणल्या. शेजारच्या वहिनींनी मेदोहर गुग्गुळ सुचवला, तोही सुरू केला. गेले तीन आठवडे ह्यांच्या मांड्या आणि पोटऱ्या दुखतात, जिना चढताना कठडा धरावा लागतो. ह्यांचे म्हणणे असे की आता रात्रीची गोळीच बंद करावी, कारण बाटलीतले सगळे नैसर्गिक आहे, आणि लाल तांदूळ तर आपण कोकणात पिढ्यानपिढ्या खातो. डॉक्टरांना बाटल्यांबद्दल सांगितलेले नाही. ते रागावतील अशी भीती वाटते. काय करावे?"
— एक वाचक, चिपळूण

ताई,

जिना चढताना कठडा धरावा लागतो हे तुम्ही नेमके टिपलेत आणि लिहिलेत, हे फार बरे केलेत. उत्तराची सुरुवात मला तिथूनच करायची आहे. आजच दोन गोष्टी थांबवा: रेड यीस्ट राइसच्या कॅप्सूल आणि मेदोहर गुग्गुळ. त्यानंतर आजच, फार तर उद्या सकाळी, तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांना फोन करून सांगा की अ‍ॅटोरव्हास्टॅटिन चालू असताना या दोन्ही गोष्टी घेतल्या जात होत्या, आणि तीन आठवड्यांपासून मांड्या दुखतात व पायांत जोर राहिलेला नाही. ते बहुधा रक्तातील सीपीके तपासायला सांगतील. स्नायूंच्या पेशींना इजा झाली की हे द्रव्य रक्तात वाढते, त्यामुळे दुखणे केवळ दुखणे आहे की स्नायूंना खरोखर इजा होते आहे, हे त्या आकड्यावरून बरेचसे कळते. त्याच रक्तात क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), एसजीपीटी (यकृतासाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि व्हिटॅमिन डी याही तपासण्या करून घेता येतील का, असे विचारा; थायरॉइडचे काम मंदावले असेल तर स्टॅटिनमुळे, म्हणजे यजमानांच्या रात्रीच्या गोळीसारख्या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधांमुळे, स्नायू दुखण्याची शक्यता वाढते, आणि आपल्याकडे हे कारण वारंवार नजरेतून सुटते.

रात्रीची गोळी तुम्ही दोघांनी आपल्या मनाने बंद करू नका. ती काही दिवस थांबवायची, कमी करायची की बदलायची, हे तपासणी पाहून डॉक्टरांना ठरवू द्या. याला एकच अपवाद आहे. लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, किंवा खुर्चीतून उठताना दोन्ही हातांचा आधार लागण्याइतकी अशक्तता आली, तर त्या रात्रीची गोळी न घेता, सकाळची वाट न पाहता थेट रुग्णालयात जा. स्नायू मोठ्या प्रमाणावर मोडू लागले की त्यातील द्रव्ये मूत्रपिंडावर येतात, आणि तिथे तासांना महत्त्व असते. असे क्वचितच घडते, पण लक्षण माहीत असलेले बरे. सकाळच्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांना मात्र या सगळ्यात हातही लावू नका. त्या कधी आणि कशा थांबवायच्या, हा निर्णय फक्त हृदयरोगतज्ज्ञांनीच घ्यायचा असतो, कारण स्टेंटमध्ये गुठळी होण्याची भीती असते.

आता लाल तांदळाविषयी. यजमानांचा गैरसमज मला अगदी समजण्याजोगा वाटतो. आपल्याकडे लाल तांदूळ म्हटले की डोळ्यांपुढे वाफाळलेली पेज आणि बाजूला लिंबाच्या लोणच्याची फोड येते. पण त्या तांदळाचा लाल रंग दाण्याच्या कोंड्यातला असतो. बाटलीतला तांदूळ मुळात पांढराच. शिजवलेल्या पांढऱ्या तांदळावर मोनास्कस नावाची बुरशी वाढवली जाते आणि ती त्याला गडद लाल करते. चीनमध्ये अन्नाला रंग आणण्यासाठी, मद्य करण्यासाठी आणि पारंपरिक औषधांत असा तांदूळ शतकानुशतके वापरला गेला. वाढताना ही बुरशी मोनाकोलिन-के नावाचे द्रव्य तयार करते, आणि तुमच्या पत्राचे सगळे उत्तर खरे म्हणजे या एका नावात आहे, कारण मोनाकोलिन-के म्हणजेच लोव्हास्टॅटिन. दोन्हींचा रेणू तंतोतंत एकच आहे. लोव्हास्टॅटिन हे अमेरिकेत १९८७ मध्ये विक्रीची परवानगी मिळालेले पहिले स्टॅटिन, आणि यजमानांची अ‍ॅटोरव्हास्टॅटिन ही त्याच घराण्यातली, पुढे प्रयोगशाळेत घडवलेली आणि त्याहून बरीच जोरकस गोळी.

या घराण्याचा इतिहास यजमानांना जरूर सांगा, कारण नैसर्गिक आणि रासायनिक अशी जी भिंत त्यांच्या मनात आहे ती या इतिहासापुढे टिकत नाही. अकिरा एंडो नावाच्या जपानी जीवरसायनशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला टोकियोतील सांक्यो कंपनीत सहा हजारांहून अधिक सूक्ष्मजीव एकामागून एक तपासले, आणि शरीरात कोलेस्टेरॉल बनण्याची क्रिया रोखणारे पहिले द्रव्य त्यांना सापडले ते क्योटोच्या एका धान्याच्या दुकानातील तांदळावर वाढलेल्या निळसर-हिरव्या बुरशीत. पुढे १९७९ मध्ये मोनास्कस बुरशीतून मोनाकोलिन-के वेगळे करणारेही एंडोच. म्हणजे ज्या गोळीला यजमान रासायनिक म्हणून नाके मुरडतात तिचा पूर्वजही तांदळावरच्या बुरशीतूनच आला, आणि ज्या कॅप्सूलला ते नैसर्गिक म्हणून मान देतात तिच्यात त्याच गोळीचा थोरला भाऊ बसला आहे.

गोळीतले आणि कॅप्सूलमधले अशी दोन्ही द्रव्ये यकृतातील एकाच विकराला (एन्झाइमला) अडवतात, आणि शरीराबाहेर जाण्यासाठी दोघांना मुख्यतः एकच मार्ग आहे, सीवायपी-३ए४ नावाच्या विकराचा. रात्री ४० मिलिग्रॅम अ‍ॅटोरव्हास्टॅटिन घेऊन वर रेड यीस्ट राइस घेणे म्हणजे डॉक्टरांना न सांगता स्टॅटिनची मात्रा वाढवणे होय. बरे, किती वाढवली हेही सांगता येत नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकी दुकानांतून २८ ब्रँड घेऊन तपासले, तेव्हा दोन ब्रँडमध्ये मोनाकोलिन-के अजिबात सापडले नाही आणि उरलेल्यांत त्याच्या प्रमाणात साठ पटींहून अधिक तफावत निघाली. मुलीने आणलेली बाटली उजेडात धरून मागची बाजू वाचा. तिथे तांदळाचे मिलिग्रॅम लिहिलेले असतील, पण मोनाकोलिन-केचा आकडा बहुधा मिळणार नाही. त्याचे कारण कायद्यात आहे. मोनाकोलिन-के नाममात्र प्रमाणाहून जास्त असेल तर अमेरिकेचे औषध प्रशासन त्या उत्पादनाला विनापरवाना औषध समजते, त्यामुळे उत्पादक तो आकडा लिहीतच नाहीत. ज्या द्रव्यासाठी माणूस बाटली विकत घेतो, नेमके त्याचेच प्रमाण बाटलीवर नसते. युरोपीय संघाने २०२२ मध्ये नियम केला की रेड यीस्ट राइसच्या रोजच्या मात्रेत मोनाकोलिन ३ मिलिग्रॅमपेक्षा कमी असले पाहिजे आणि स्टॅटिन घेणाऱ्यांनी हे घेऊ नये, अशी सूचना वेष्टणावर हवी. त्याशिवाय बुरशी नीट सांभाळली नाही तर तिच्यात सिट्रिनिन नावाचे, मूत्रपिंडाला घातक असे विष तयार होऊ शकते, आणि २०२४ मध्ये जपानमध्ये लाल तांदळाच्या अशाच एका पूरक उत्पादनात भेसळीसारखे दुसरे घातक द्रव्य शिरून अनेकांची मूत्रपिंडे बिघडली, हेही तुम्ही लक्षात ठेवावे असे मला वाटते.

याचा अर्थ मांड्या दुखण्याचे कारण रेड यीस्ट राइसच आहे, असे मी छातीठोकपणे सांगत नाही. साठीनंतर स्नायू अनेक कारणांनी दुखतात. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजने २०२० मध्ये एक विलक्षण प्रयोग प्रसिद्ध केला, त्यात त्रास झाला म्हणून स्टॅटिन सोडून दिलेल्या ६० जणांना काही महिने स्टॅटिन, काही महिने तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी आणि काही महिने काहीच नाही, असे आलटून पालटून दिले. स्टॅटिनच्या महिन्यांत जेवढा त्रास नोंदला गेला, त्याच्या ९० टक्के त्रास औषध नसलेल्या गोळीच्या महिन्यांतही नोंदला गेला. त्यांना होणारे दुखणे खरे होते, पण त्याचे बहुतेक कारण औषध नव्हते. यजमानांच्या बाबतीत मात्र एक तपशील वेगळा आहे आणि त्यामुळेच मी तपासणीचा आग्रह धरते आहे. दीड वर्ष तीच गोळी त्यांना निमूट मानवली, आणि दुखणे सुरू झाले ते दिवाळीनंतर, बाटल्या घरात आल्यावर. औषधशास्त्राच्या धंद्यात आम्ही पहिला प्रश्न हाच विचारतो: दुखायला लागण्याआधीच्या काही आठवड्यांत नवे काय सुरू झाले?

गुग्गुळाविषयी थोडे अधिक लिहिते, कारण त्याच्याबद्दल मला आदर आहे आणि त्याचा इतिहास आपल्याच देशातला आहे. मेदोरोगावर गुग्गुळ वापरावा हे जुने वचन १९६० च्या दशकात बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी सशांवरील प्रयोगांनी तपासले, आणि त्या कामातून पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने गुग्गुलिपिड हा गुग्गुळाचा अर्क तयार केला, जो १९८० च्या दशकात बाजारातही आला. मात्र २००३ मध्ये अमेरिकेत शंभराहून थोड्या अधिक रुग्णांवर आठ आठवडे झालेल्या काटेकोर चाचणीत गुग्गुलिपिड घेणाऱ्यांचे एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, घटण्याऐवजी किंचित वाढलेच, आणि काहींच्या अंगावर पुरळ उठले. शिवाय गुग्गुळ यकृतातील औषधे पचवणाऱ्या विकरांना डिवचतो. रक्तदाबाच्या प्रोप्रॅनोलॉल आणि डिल्टियाझेम या औषधांचे रक्तातील प्रमाण गुग्गुळाबरोबर घटते, असे आढळले आहे. वैद्यांच्या देखरेखीखाली, इतर औषधे त्यांना माहीत असताना, गुग्गुळ घेणे वेगळे. स्टेंट बसवलेल्या माणसाने शेजारच्या सल्ल्याने तो आपल्या गोळ्यांत मिसळणे मला मान्य नाही. वहिनींचा हेतू चांगला होता, हे त्यांना जरूर सांगा.

उरलेल्या दोन बाटल्यांचे थोडक्यात सांगते. कोएन्झाइम क्यू-टेन स्टॅटिनमुळे रक्तात कमी होते हे खरे आहे, कारण शरीर ते कोलेस्टेरॉलच्याच वाटेवर बनवते; पण ते घेतल्याने स्नायूंचे दुखणे थांबते का, याविषयीच्या चाचण्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. त्याने फारसा अपाय होत नाही, खर्च मात्र होतो. यजमानांना वॉरफेरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी दिलेली असती तर मी क्यू-टेन लगेच बंद करायला सांगितले असते, कारण क्यू-टेनची रचना व्हिटॅमिन-केसारखी असल्याने ते वॉरफेरिनचा परिणाम कमी करू शकते. तुमच्या पत्रात "रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या" एवढेच आहे, म्हणून पाकिटावरची नावे वाचून डॉक्टरांना सांगा. फिश ऑइलबाबत लोकांचा एक गोंधळ होतो. हृदयविकारात उपयोग झाला म्हणून ज्याची बातमी येते ते शुद्ध केलेले, डॉक्टरांनी लिहून दिलेले, रोज ४ ग्रॅम मात्रेचे औषध असते, तर दुकानातल्या १००० मिलिग्रॅमच्या साध्या कॅप्सूलमध्ये ओमेगा-३ सुमारे ३०० मिलिग्रॅमच असते. जास्त मात्रेत ओमेगा-३ घेणाऱ्यांत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचे प्रमाण वाढलेले दिसले आहे. डॉक्टरांना विचारेपर्यंत ती बाटलीही फळीवर ठेवलेली बरी. आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली ताटात आली तर ओमेगा-३ मिळते. फक्त तळण्याऐवजी कालवण करा.

पत्रात नसलेली एक गोष्ट मुद्दाम सांगते. घरात कोणी केसांसाठी बायोटिनच्या जास्त मात्रेच्या गोळ्या घेत असेल आणि त्या यजमानांनीही घ्यायला सुरुवात केली असेल, तर रक्त द्यायच्या आधी ते प्रयोगशाळेला आणि डॉक्टरांना सांगा. हृदयविकाराचा झटका ओळखण्यासाठी जी ट्रोपोनिन तपासणी करतात ती काही यंत्रांवर बायोटिनमुळे खोटी कमी येऊ शकते, आणि थायरॉइडचे आकडेही फसवे येतात. स्टेंट बसवलेल्या माणसाच्या छातीत दुखत असताना ट्रोपोनिन चुकीचे येणे म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

औषधे एकमेकांच्या आड कशी येतात, याचा धडा मला माझ्याच घरात मिळाला. माझे सासरे रोझुव्हास्टॅटिन घेत असत, आणि त्यांचे एलडीएल काही केल्या अपेक्षेइतके उतरेना. डॉक्टर मात्रा वाढवण्याच्या विचारात होते. एका सुट्टीत गावी गेले असताना रात्री जेवणानंतर पाहिले तर सासरे झोपाळ्यावर बसून एका हातात गोळी, दुसऱ्या हातात पातळ अँटासिडचे गुलाबी टोपण, आणि दोन्ही एकाच घोटात. पित्ताचा त्रास जुना असल्याने हा क्रम वर्षभर चालला होता, आणि अँटासिडला ते औषध समजतच नसल्यामुळे डॉक्टरांना कधी सांगितले नव्हते. ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम असलेले अँटासिड रोझुव्हास्टॅटिनबरोबरच घेतले तर रक्तात पोहोचणारे औषध सुमारे निम्म्यावर येते. गोळी घेतल्यानंतर किमान दोन तासांनी अँटासिड घ्यावे, असे औषधाच्या माहितीपत्रकातच लिहिलेले असते. ते मला पाठ होते, वर्गात मी ते वर्षानुवर्षे शिकवत होते, आणि तरी माझ्या घरातल्या माणसाला मी कधी विचारले नव्हते. मात्रा वाढवायची गरज पडली नाही; अँटासिडची वेळ बदलली, आणि पुढच्या तपासणीत एलडीएल खाली आले.

यजमानांना काहीतरी घरगुती हवेच असेल, तर मी इसबगोल सुचवेन. त्यातला विद्राव्य तंतू आतड्यात पित्ताम्ले बांधून शरीराबाहेर नेतो, त्यामुळे ती पुन्हा बनवण्यासाठी यकृताला कोलेस्टेरॉल वापरावे लागते आणि एलडीएल ५ ते १० टक्क्यांनी कमी होते. एका चाचणीत सिम्व्हास्टॅटिनच्या १० मिलिग्रॅम गोळीला रोज १५ ग्रॅम इसबगोलाची जोड दिल्यावर २० मिलिग्रॅम गोळीइतका परिणाम दिसला. एवढ्या प्रमाणावर एकदम जाऊ नका. एका चमच्याने सुरू करा, प्रत्येक वेळी पूर्ण पेलाभर पाणी प्या, आणि कोणतीही गोळी व इसबगोल यांत दोन तासांचे अंतर ठेवा, कारण त्याचा लगदा गोळीला आपल्यात धरून ठेवू शकतो. जेवणातली हळद, लसूण आणि जवसाची चटणी यांना माझी काहीच हरकत नाही; पण त्यांचे अर्क आणि कॅप्सूल ही निराळी वस्तू आहे. काळ्या मिरीचा अर्क घालून शोषण वाढवलेल्या हळदीच्या कॅप्सूलमुळे यकृताला सूज आल्याची प्रकरणे नोंदली गेली आहेत, आणि मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतलेल्या रुग्णांबद्दलही तसेच लिहिले. स्टॅटिन घेणाऱ्या माणसाचे एसजीपीटी वाढले की दोष आधी स्टॅटिनवर येतो आणि गरजेची गोळी बंद होते, या मार्गानेही नुकसान होते. २०२२ मध्ये अमेरिकेत सुमारे दोनशे जणांवर झालेल्या चाचणीत रोझुव्हास्टॅटिनच्या ५ मिलिग्रॅम या लहान मात्रेने २८ दिवसांत एलडीएल सुमारे ३८ टक्क्यांनी उतरले, तर फिश ऑइल, दालचिनी, लसूण, हळद, वनस्पतिजन्य स्टेरॉल आणि रेड यीस्ट राइस यांपैकी कशानेही औषध नसलेल्या गोळीपेक्षा लक्षणीय फरक पडला नाही.

आता डॉक्टरांच्या रागाची भीती. एवढी वर्षे रुग्णालयाच्या औषधविभागात काढल्यावर सांगते, बहुतेक डॉक्टरांना राग येतो तो उशिरा कळल्याचा. जाताना घरातली सगळी औषधे एका कापडी पिशवीत भरा: गोळ्यांची पाकिटे, तिन्ही बाटल्या, गुग्गुळाची डबी, अँटासिड, गुडघ्याला लावायचे मलमसुद्धा. प्रत्येकावर ते कधी सुरू केले ती तारीख चिकटवा आणि पिशवी त्यांच्या टेबलावर रिकामी करा. यजमानांना बोलायला संकोच वाटत असेल तर तुम्ही बोला. "ह्यांच्या मांड्या दुखायला लागल्या त्या या बाटल्या सुरू केल्यानंतर" एवढे एक वाक्य पुरे. पुढे नायट्यासाठी इट्राकोनॅझोल किंवा छातीच्या संसर्गासाठी क्लॅरिथ्रोमायसिन लिहून मिळाले, तर त्या डॉक्टरांनाही अ‍ॅटोरव्हास्टॅटिन चालू असल्याचे आधी सांगा. या दोन औषधांनी तिचे रक्तातील प्रमाण बरेच वाढते.

मुलीला काही बोलू नका. न्यू जर्सीच्या कोणत्याही औषधाच्या दुकानात ही बाटली व्हिटॅमिनच्या रांगेत उघड्यावर मिळते, आणि १९९४ च्या अमेरिकी कायद्यानुसार असे उत्पादन बाजारात आणण्याआधी त्याचा परिणाम सिद्ध करावा लागत नाही, हे तिला कुणी सांगितले असणार? वडिलांसाठी तिने पैसे आणि सामानातली जागा खर्च केली आहे. तिला पुढच्या वेळी घरी वापरायचे चांगले रक्तदाबमापक यंत्र आणायला सांगा, दंडाला पट्टा बांधायचे. सीपीकेचा आकडा हाती आला की मला कळवा, आणि पत्रात तिन्ही बाटल्यांवरचे मिलिग्रॅमही लिहा.